बेडाक्विलिनचे पेटंट, देणगीच्या गोळ्या आणि क्षयरुग्णाचा हक्क

परळवासी

औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावर बेडाक्विलिन नावाची गोळी दिली जाते. या गोळीच्या फ्युमरेट क्षारावर, म्हणजे त्याच औषधाच्या एका रासायनिक रूपावर, स्वतंत्र पेटंट मिळावे, असा जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीचा अर्ज होता. भारतीय पेटंट कार्यालयाने तो मार्च २०२३ मध्ये फेटाळला. बातमी दोन दिवस गाजली आणि मग मागे पडली. जागतिक आरोग्य धोरणातील विषमता नेमकी कुठे आणि कशी तयार होते, हे समजून घ्यायला या प्रकरणाइतके बोलके उदाहरण दुसरे नाही असे मला वाटते, म्हणून त्याची हकिगत थोडी सविस्तर मांडतो. मी डॉक्टर नाही. मुंबईतील एका स्वयंसेवी संस्थेत काही वर्षे क्षयरुग्णांचे समुपदेशन करत होतो, एवढाच माझा या विषयाशी संबंध.

आधी औषधाविषयी. जॉन्सन अँड जॉन्सनच्या यान्सेन या उपकंपनीतील शास्त्रज्ञांनी हे संयुग शोधले, २००५ मध्ये त्यावरील शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली. क्षयरोगावर पूर्णपणे नव्या पद्धतीने काम करणारे औषध तब्बल चाळीस वर्षांनी आले होते. या चाळीस वर्षांत क्षयरोग काही ओसरला नव्हता. तो श्रीमंत देशांतून ओसरला होता, आणि जिथे तो उरला तिथल्या रुग्णांच्या खिशात औषध कंपन्यांना रस वाटावा इतके पैसे नव्हते. संशोधन कोणत्या रोगावर व्हायचे हे रोग्यांच्या संख्येवरून ठरत नाही, ही पहिली विषमता आणि तिची चर्चा सर्वांत कमी होते.

त्या मधल्या काळात एमडीआर, म्हणजे नेहमीच्या मुख्य औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाच्या रुग्णाला काय मिळत होते? अठरा ते चोवीस महिन्यांचा कोर्स, आणि त्यातले पहिले सहा-आठ महिने कॅनामायसिनचे इंजेक्शन, बहुधा आठवड्यातून सहा दिवस. आमच्या केंद्रावर येणारी माणसे आज डाव्या कुल्ल्यावर, उद्या उजव्या कुल्ल्यावर अशी इंजेक्शने घेत. दोन महिन्यांत दोन्हीकडे गाठी होत आणि मग बाकावर नीट बसताही येत नसे. कानात शिट्टी वाजल्यासारखे होते अशी तक्रार सुरू झाली की पुढे काय वाढून ठेवले आहे ते आम्हाला कळत असे. रिक्षा चालवणाऱ्या एका तरुणाने मला सांगितले होते की मागच्या गाडीचा हॉर्न आता त्याला ऐकू येत नाही, त्यामुळे तो सारखा आरशात बघतो. पुढे त्याची थुंकी निगेटिव्ह झाली, कार्यक्रमाच्या नोंदवहीत तो 'बरा झालेला रुग्ण' ठरला, आणि रिक्षा मात्र त्याला सोडावी लागली.

इंजेक्शनाला पर्याय ठरू शकणारी ही गोळी बाजारात आली तेव्हा कंपनीने सहा महिन्यांच्या कोर्ससाठी तीन दर लावले: श्रीमंत देशांसाठी सुमारे ३०,००० डॉलर, मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी ३,००० आणि गरीब देशांसाठी ९००. वरवर पाहता ही रचना न्याय्य वाटते. पण मध्यम उत्पन्नाचा देश ही सरासरी आहे, आणि क्षयरोग सरासरी माणसाला होत नाही. तो गोवंडी-मानखुर्दच्या ज्या वस्त्यांत आणि पुनर्वसनाच्या इमारतींत खोलीत ऊन शिरत नाही आणि वारा खेळत नाही, तिथल्या माणसाला होतो. जगातील एकूण क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण भारतात आहेत. देशाचे वर्गीकरण बदलले म्हणून त्यांच्या घरचे उत्पन्न बदलत नाही.

मग आली देणगी. २०१५ मध्ये कंपनी आणि अमेरिकेची यूएसएड ही संस्था यांनी मिळून चार वर्षांत ३०,००० कोर्स मोफत देण्याची योजना सुरू केली. भारताच्या वाट्याला सुरुवातीला १०,००० कोर्स आले. त्या काळात भारतात दरवर्षी एमडीआर क्षयाचे लाखाहून अधिक नवे रुग्ण होत असल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता. २०१६ मध्ये मुंबई, दिल्ली, चेन्नई, अहमदाबाद आणि गुवाहाटी या पाच शहरांतील सहा केंद्रांवर औषध सुरू झाले. बाकीच्या देशाने काय करायचे, याचे उत्तर पाटण्याच्या एका मुलीच्या वडिलांना दिल्ली उच्च न्यायालयात जाऊन मागावे लागले, कारण ती दिल्लीची रहिवासी नाही असे सांगून तिला औषध नाकारले गेले होते. जानेवारी २०१७ मध्ये ते मिळण्याचा मार्ग मोकळा झाला, तोपर्यंत तिचे फुप्फुस फार खराब झाले होते. २०१८ मध्ये ती गेली.

माझा मुख्य मुद्दा इथे आहे. देणगी स्वीकारण्यात कमीपणा काहीच नाही, आणि त्या गोळ्यांनी जीव वाचले हेही खरे. परंतु किती द्यायचे, कोणाला द्यायचे, कोणत्या अटींवर आणि किती वर्षे, हे सगळे देणारा ठरवतो, आणि घेणाऱ्या देशाचे आरोग्य खाते आपल्या गरजेऐवजी हाती आलेल्या साठ्याप्रमाणे नियोजन करू लागते. दहा हजार कोर्स आहेत म्हटल्यावर निकषही दहा हजारांना पुरतील असेच लागतात. शास्त्रीय भाषेत लिहिलेल्या त्या निकषांच्या मागे साठ्याचे गणित किती आणि वैद्यकीय विचार किती, हे रुग्णाला कधीच कळत नाही.

ही चौकट मोडली ती दोन रुग्णांनी. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनजवळच्या खायलित्शा या वस्तीतील फुमेझा तिसिले या दोघींनीही उपचारांत आपली श्रवणशक्ती गमावली होती. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्यांनी एमएसएफ (डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स) या वैद्यकीय मदत संस्थेच्या पाठिंब्याने कंपनीच्या या दुसऱ्या, म्हणजे क्षारावरच्या, पेटंटला भारतात विरोध नोंदवला. महाराष्ट्रातील एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या एनएमपी प्लस या संघटनेनेही विरोध केला होता. मूळ संयुगाचे पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होते; क्षारावरचे पेटंट मिळाले असते तर मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. अर्ज फेटाळला गेला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये देशांसाठी क्षयाची औषधे एकत्रित खरेदी करणाऱ्या ग्लोबल ड्रग फॅसिलिटीच्या खरेदीत ल्युपिन या भारतीय कंपनीच्या गोळीचा कोर्स १९४ डॉलरला आणि खुद्द जॉन्सन अँड जॉन्सनचा १३० डॉलरला आला. त्याआधी हाच कोर्स २८९ डॉलरला पडत होता. स्पर्धक दारात उभा राहताच मूळ कंपनीचा दर निम्म्याखाली आला; इतकी वर्षे तो इतका खाली का उतरला नाही, याचे उत्तर प्रत्येकाने आपापल्या परीने द्यावे.

आपली मते वाचायला आवडतील. विशेषतः पेटंट गेल्यानंतरही रुग्णापर्यंत औषध पोचताना काय अडते, यावर प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी लिहावे.

रसायनीकर

लेख मुद्देसूद आहे, पण चित्राची एकच बाजू पुढे आली आहे असे नम्रपणे नोंदवतो. मी औषधनिर्मितीच्या क्षेत्रात गुणवत्ता विभागात नोकरी करतो. लेखात आलेल्या कोणत्याही कंपनीशी माझा संबंध नाही.

बेडाक्विलिनला २०१२ मध्ये जी मान्यता मिळाली ती दुसऱ्या टप्प्यातील चाचण्यांच्या आधारे, घाईने दिलेली मान्यता होती. त्या चाचणीत हे औषध घेणाऱ्या ७९ जणांपैकी १० जण दगावले, तर ज्यांना ते दिले नव्हते अशा ८१ जणांपैकी २ जण. हे मृत्यू औषधामुळेच झाले असे सिद्ध झाले नाही, परंतु तो आकडा समोर असताना कोणत्याही जबाबदार शासनाने हात राखूनच पावले टाकली असती. हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होत असल्याने वेळोवेळी ईसीजी काढावा लागतो, आणि २०१६ मध्ये आपल्या किती तालुक्यांत ही सोय खात्रीने होती? दुसरी गोष्ट, हे औषध शरीरातून पूर्णपणे बाहेर पडायला अनेक महिने लागतात. रुग्णाने कोर्स मध्येच सोडला तर जोडीची औषधे आधी निघून जातात आणि हे एकटे कमी मात्रेत रेंगाळते. जंतूंमध्ये प्रतिकार तयार व्हायला याहून सोयीची परिस्थिती नाही. रिफाम्पिसिन या क्षयावरच्या नेहमीच्या मुख्य औषधाच्या बाबतीत आपण हेच करून बसलो. आज बेडाक्विलिनला न जुमानणारे जंतू दक्षिण आफ्रिकेत आणि मोझांबिकमध्ये सापडत आहेत, हे विसरून चालणार नाही.

त्यामुळे सहा केंद्रांपुरते औषध ठेवणे याला सरसकट अन्याय म्हणणे मला पटत नाही. आणि पेटंटचा परतावाच मिळणार नसेल तर पुढची चाळीस वर्षे नवे औषध कोण शोधणार, या प्रश्नाला लेखात उत्तर नाही.

केपटाऊनस्थ

मी गेली अनेक वर्षे केपटाऊनमध्ये राहते, त्यामुळे या कथेची दुसरी बाजू जवळून पाहिली आहे.

रसायनीकर, खबरदारीविषयी आपण लिहिले ते योग्यच आहे, पण त्याच खबरदारीचा वेगळा नमुना इथे झाला. दक्षिण आफ्रिकेने २०१३ च्या सुमारास देखरेखीखाली रुग्णांना औषध द्यायला सुरुवात केली, त्यांच्या नोंदी काटेकोर ठेवल्या, आणि त्या नोंदींवरून मृत्यूचे प्रमाण कमी होत असल्याचे दिसल्यावर जून २०१८ मध्ये सर्व एमडीआर रुग्णांसाठी इंजेक्शनाऐवजी बेडाक्विलिन देण्याचे जाहीर केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचना बदलल्या त्या त्यानंतर. म्हणजे या औषधाच्या सुरक्षिततेविषयी जगाला जो दिलासा मिळाला त्याचा मोठा भाग इथल्या सार्वजनिक दवाखान्यांतील रुग्णांनी आणि परिचारिकांनी मिळवून दिला.

आता त्याची परतफेड काय झाली ते पाहा. दक्षिण आफ्रिकेच्या पेटंट कार्यालयात अर्जांची सखोल छाननी करण्याची पद्धतच नव्हती, अर्ज नियमांत बसला की पेटंट मिळत असे. त्यामुळे भारतात फेटाळले गेलेले तेच दुसरे पेटंट इथे २०२७ पर्यंत लागू राहिले. परिणामी २०२३ मध्ये बाकीच्या देशांसाठी १३० डॉलरचा दर जाहीर होत असताना इथले सरकार दुपटीहून अधिक पैसे मोजत होते. गंमत म्हणावी की दुःख, कळत नाही. स्पर्धा आयोगाने सप्टेंबर २०२३ मध्ये चौकशी सुरू केली. त्याच महिन्याच्या अखेरीस कंपनीने १३४ कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत या औषधाची पेटंटे न बजावण्याचे जाहीर केले, आणि पुढच्या वर्षी इथला दर सुमारे ४० टक्क्यांनी उतरवण्याचे मान्य केल्यावर आयोगाने प्रकरण मिटवले.

इथल्या जुन्या कार्यकर्त्यांना हे सगळे ओळखीचे वाटते. १९९८ मध्ये ३९ औषध कंपन्यांनी स्वस्त औषधांच्या कायद्याविरुद्ध मंडेला सरकारलाच न्यायालयात खेचले होते, आणि जगभर छी-थू झाल्यावर एप्रिल २००१ मध्ये खटला मागे घेतला. त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला या औषध कंपनीने एचआयव्हीची तीन औषधे मिळून दिवसाला एका डॉलरहून कमी दराने देऊ केली होती. तोवर वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या पुढे होता. मुंबईतले लोक हे नाव खोकल्याच्या औषधावर वाचतात. खायलित्शात वयस्क बायकांकडून ते ऐकते तेव्हा त्यांच्या सुरात वेगळीच आपुलकी असते.

परळवासी

@रसायनीकर, आपला आक्षेप गंभीर आहे म्हणून त्याचे दोन भाग करतो.

खबरदारी हवी होती, यात वाद नाही. मात्र खबरदारीसाठी लागतात ईसीजी यंत्रे, औषध घेतल्यावर विचारपूस करणारी माणसे आणि नोंदी. पेटंटमुळे यातले काहीही मिळत नाही. उलट औषधावर जितका कमी पैसा जाईल तितका या गोष्टींसाठी उरतो. आणि हात राखण्याचा दुसरा अर्थही हिशेबात घ्यायला हवा: ज्याला बेडाक्विलिन मिळाले नाही तो विनाऔषध बसला नव्हता, त्याला कॅनामायसिन टोचले जात होते. त्या औषधाने बहिरेपण येते हे अनेक दशके माहीत होते आणि तरी ते खेड्यापाड्यांत दिले जात होते. नव्या औषधाच्या धोक्याला आपण जेवढे भ्यालो तेवढे जुन्या औषधाच्या खात्रीच्या इजेला भ्यालो नाही. इजा नेमकी कोणाला होत होती, याचा त्याच्याशी काही संबंध नसेल असे मला वाटत नाही.

संशोधनाच्या खर्चाविषयी: या औषधाच्या विकासावर झालेल्या खर्चाचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार सार्वजनिक निधीतून ४५.५ ते ७४.७ कोटी डॉलर आणि कंपनीकडून ९ ते २४ कोटी डॉलर खर्च झाल्याचा अंदाज आहे. या सार्वजनिक वाट्यात एक मोठी बाब अशी की दुर्लक्षित रोगावर औषध काढल्याबद्दल अमेरिकी सरकारने कंपनीला दुसऱ्या एखाद्या औषधाच्या जलद छाननीचे प्रमाणपत्र दिले. अशी प्रमाणपत्रे बाजारात कोट्यवधी डॉलरना विकली जातात. संशोधकाला मोबदला मिळू नये असे कोणीच म्हणत नाही. लोकांच्या पैशातून निम्म्याहून अधिक काम झाले असताना किमतीचा आणि पुरवठ्याचा निर्णय एकट्या कंपनीच्या हाती का राहिला, एवढेच विचारणे आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या बैठकीत क्षयरोग संशोधनासाठी २०२७ पर्यंत वर्षाला ५ अब्ज डॉलर उभे करण्याचे ठरले. प्रत्यक्षात जेमतेम एक अब्ज जमतात. पुढचे औषध कोण शोधणार या आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या चार अब्जांच्या खड्ड्यात आहे.

बाणावलीकर

औषधावर इतकी चर्चा झाली, पण कोणते औषध द्यायचे हे ज्या तपासणीवरून ठरते तिच्याविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून भर घालतो.

जंतू रिफाम्पिसिनला दाद देतो की नाही हे दोन तासांत सांगणारे जीनएक्स्पर्ट हे यंत्र २०१० पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीत आहे. त्याचे कार्ट्रिज, म्हणजे नमुना घालायची एकदाच वापरायची डबी, एकच कंपनी बनवते आणि ते दुसऱ्या कोणत्या यंत्रात चालत नाही. गरीब देशांसाठी कार्ट्रिजचा दर २०१२ पासून ९.९८ डॉलर होता. मागणी कितीतरी पटींनी वाढली, तरी तो अकरा वर्षे तसूभर हलला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये, बरीच ओरड झाल्यावर, तो ७.९७ डॉलर झाला. आणि रिफाम्पिसिनच्या पुढच्या औषधांना जंतू दाद देतो की नाही हे पाहणाऱ्या कार्ट्रिजचा दर १४.९० डॉलरवरच राहिला.

याला पर्याय आमच्या गोव्यातून गेला आहे. मोलबायो या कंपनीचे ट्रूनॅट हे यंत्र बॅटरीवर चालते, त्याला वातानुकूलित खोली लागत नाही आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या टेबलावर ते मावते. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. जीनएक्स्पर्ट यंत्र वीज आणि थंडावा नसलेल्या ठिकाणी बंद पडून राहायचे. ते बनवणाऱ्यांसमोर ज्या दवाखान्याचे चित्र होते तिथे या दोन्ही गोष्टी गृहीत होत्या. उपकरण कोणाची परिस्थिती डोळ्यांसमोर ठेवून बनते, हाही न्यायाचाच प्रश्न म्हणायला हवा. अर्थात गोव्याची कंपनी झाली म्हणून तिच्या यंत्रात तपासणीसाठी घालावी लागणारी चिप धर्मादाय ठरत नाही, तीही त्याच कंपनीकडून घ्यावी लागते. दोन विक्रेते झाले म्हणजे निदान घासाघीस करता येते, इतकेच.

निर्मला_चंदगड

परळवासी, प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी लिहावे असे आपण म्हटले म्हणून लिहिते. मी आरोग्य विभागाच्या क्षयरोग कार्यक्रमात तालुका पातळीवर काम करते.

बेडाक्विलिन आता आमच्याकडे येते. पहिले दोन आठवडे रोज चार गोळ्या, मग आठवड्यातून तीन दिवस दोन-दोन. ही गोळी जेवणाबरोबर घ्यावी लागते, नाहीतर ती अंगाला निम्मीच लागते. आम्ही रुग्णाला तसे सांगतो. मागच्या वर्षी एका बाईने मला विचारले की जेवणाबरोबर म्हणजे भाकरी आणि चटणी चालेल का, कारण सकाळी कामावर जाताना तेवढेच असते. मी चालेल म्हणून सांगितले. दुसरे काय सांगणार होते?

झारखंडमध्ये झालेल्या रेशन्स या अभ्यासाचे निष्कर्ष ऑगस्ट २०२३ मध्ये आले. रुग्णाच्या घरातील प्रत्येक माणसाला दरमहा ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली, तर त्या घरांत नव्याने क्षयरोग होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले. एखाद्या लशीने एवढा गुण दाखवला असता तर जगभर जाहिरात झाली असती. डाळ-तांदळावर कोणाचे पेटंट नाही, म्हणून त्याच्या मागे कोणी लागत नाही असे मला वाटते. क्षयरुग्णाला आहारासाठी पैसे देणाऱ्या सरकारी निक्षय पोषण योजनेत आधी महिन्याला ५०० रुपये मिळत होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. ते रुग्णासाठी असतात, घरातल्या बाकीच्यांसाठी नाहीत, आणि खाते आधारला जोडलेले नसेल किंवा बंद पडलेले असेल तर चार-चार महिन्यांनी एकदम जमा होतात.

आणखी एक. २०२४ च्या मार्चमध्ये साध्या क्षयाच्या नेहमीच्या गोळ्यांचाच तुटवडा झाला. केंद्राने राज्यांना स्थानिक पातळीवर खरेदी करा असे पत्र पाठवले. त्या औषधांची पेटंटे संपून कित्येक वर्षे झाली आहेत आणि ती आपल्याच देशात बनतात. रुग्ण दारात उभा आणि आम्ही सात दिवसांच्या ऐवजी तीन दिवसांच्या गोळ्या देतो, हे कोणत्या कंपनीच्या माथी मारायचे? जागतिक धोरणाला नावे ठेवताना आपल्या खरेदीच्या फायली कुठे अडतात तेही बघावे.

रसायनीकर

निर्मलाताई, आपल्या प्रतिसादातील तुटवड्याचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. कारखान्याच्या बाजूने एवढे सांगू शकतो की सरकारी निविदा उशिरा निघाली आणि दर अगदी तळाला नेऊन ठेवला की बोली लावणारे एक-दोनच उरतात, आणि त्यांपैकी एकाच्या कच्च्या मालात खोट निघाली तर देशाचा पुरवठा खोळंबतो. कमीत कमी किंमत हेच एकमेव उद्दिष्ट धरले की असे होते. परळवासींचा खर्चाविषयीचा मुद्दा मान्य. पेटंटच्या बाबतीत माझे मत थोडे सैल झाले आहे, प्रतिकाराबाबत मात्र कायम आहे.

तळटीप

कायद्याच्या बाजूने थोडी माहिती. मी पेटंटविषयक कामे करणारा वकील आहे.

हा विरोध शक्य झाला तो दोन तरतुदींमुळे. कलम ३(डी) प्रमाणे, माहीत असलेल्या पदार्थाच्या नव्या रूपाने परिणामकारकता वाढत नसेल तर ते पेटंटला पात्र नसते. २००५ मध्ये आपण औषधांवर उत्पादन पेटंट (बनवण्याच्या पद्धतीवर नव्हे, तर औषधावरच) देऊ लागलो तेव्हा ही अट घातली गेली आणि १ एप्रिल २०१३ रोजी ग्लिवेक या कर्करोगावरील औषधाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तिचा अर्थ पक्का केला. दुसरी तरतूद कलम २५(१) ची: पेटंट मंजूर होण्यापूर्वी 'कोणतीही व्यक्ती' विरोध करू शकते. तिचे व्यापारी हितसंबंध असण्याची गरज नाही. नंदिता वेंकटेशन आणि फुमेझा तिसिले याच दारातून आत गेल्या. एक परदेशी रुग्ण भारतीय पेटंटला विरोध करू शकली, हे किती देशांत घडू शकते याचा विचार करावा.

त्यामुळे हे दार कसे अरुंद होत आहे त्याकडे लक्ष वेधतो. मार्च २०२४ मध्ये पेटंट नियमांत बदल झाले. पूर्वी असा विरोध विनाशुल्क होता, आता त्याला शुल्क आहे, आणि विरोध ग्राह्य आहे की नाही हे पेटंट कार्यालयाचे नियंत्रक आधी ठरवणार. पेटंट घेतलेल्या वस्तूचे उत्पादन देशात होते की नाही याची माहिती दरवर्षी द्यावी लागत असे, ती आता तीन वर्षांतून एकदा. त्याच महिन्यात स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइन या देशांच्या गटाशी व्यापार करार झाला. या गटातल्या स्वित्झर्लंडमध्ये बड्या औषध कंपन्या आहेत. खोडसाळ विरोध रोखण्यासाठी हे बदल आवश्यक होते असे समर्थन केले जाते. खोडसाळ विरोध होतात, हेही खरे. प्रतिस्पर्धी कंपन्या भलत्याच्या नावाने अर्ज टाकतात. परंतु त्यांना शुल्काने फरक पडत नाही. ज्यांना फरक पडतो त्यांनी या यंत्रणेचा दुरुपयोग केल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

केपटाऊनस्थ

तळटीप, हे इथल्या मित्रांना जरूर कळवते. आमच्याकडे भारतासारखी छाननी आणि विरोधाची सोय आणावी अशी मागणी अनेक वर्षे चालू आहे, आणि भारताचे उदाहरण देऊनच ती केली जाते.

देणगीविषयी परळवासींनी लिहिले होते, त्याला जोडून: जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत एका आदेशाने थांबवली, तेव्हा इथे एचआयव्ही आणि क्षयरोगाच्या कामात असलेल्या अनेक परिचारिका आणि समुपदेशक अचानक घरी बसल्या. चालू असलेल्या चाचण्याही अडकल्या. ज्या संस्थेने बेडाक्विलिनच्या देणगीत भागीदारी केली होती तीच संस्था पुढे मोडीत काढली गेली.

निर्मला_चंदगड

तळटीप, एक शंका. आमच्याकडे बरे झालेल्या रुग्णांचा एक गट आहे. 'टीबी चॅम्पियन' म्हणून ते गावोगावी जातात. त्यांतल्या दोघांना इंजेक्शनामुळे कमी ऐकू येते. उद्या अशाच एखाद्या औषधावर पेटंटचा अर्ज आला आणि त्यांना विरोध करायचा झाला तर ते स्वतः करू शकतात का? आणि अर्ज मराठीत चालतो का?

तळटीप

निर्मलाताई, कायद्याने नक्कीच करू शकतात, वकीलच लागतो असे नाही. पेटंटचे अर्ज साधारण अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतात आणि पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मंजूर होईपर्यंत विरोध दाखल करता येतो. मात्र अर्ज मिळाल्यावर त्यातला रसायनशास्त्राचा भाग वाचून, हे संयुग आधीच माहीत होते असे पुराव्यानिशी दाखवावे लागते, आणि तिथे जाणकाराची मदत घ्यावीच लागेल. रुग्ण संघटनांसोबत काम करणारे काही वकील हे काम विनामोबदला करतात.

भाषेचे उत्तर निराश करणारे आहे. पेटंट नियमांनुसार कागदपत्रे हिंदी किंवा इंग्रजीतच द्यावी लागतात, मराठी चालत नाही. आपल्या गटाने स्वतःचा अनुभव मराठीत लिहून ठेवला तर तो हिंदीत करून प्रतिज्ञापत्र म्हणून जोडता येईल. तसे काही करायचे ठरले तर मला निरोप पाठवा, मसुदा मी बघून देईन.